बीड

पंचनाम्यात मी लिहिलं :
दिव्याचा खांब, बिडाचा, नग एक.
उंची साडेनऊ फूट. तळाशी तडा.
नावाची पट्टी शाबूत.

पट्टीवर ओतीव अक्षरं –
रावबहादूर हरबाजी भिकाजी लोहारे
यांजकडून ठाणें शहरास.
शके अठराशें सात.

शकूरभाईनं हातोडीनं टकटक केली, कान लावला.
"मॅडम, पोलाद गातं.
हे नुसतं हूं म्हणतं. बीडच."
मला हसू आलं.
शाळेत ज्यांच्या तसबिरीला आम्ही
दरसाल झेंडूचा हार घालायचो
ते पोलादाचे शेठ.

बाप जांभळी नाक्यावर कोयत्यांना पाणी द्यायचा.
पोरानं चेंदणीच्या खाडीवर भट्टी लावली,
रूळ लाटले, पगडी घेतली,
आणि नगरपालिकेत जाऊन बसला.
तिथं सात वर्षं भांडला एकाच ठरावासाठी :
गटाराचा उतार खाडीकडे की तळ्याकडे.
(उतार शेवटी दोन्हीकडे झाला.
आजही पाणी मध्ये थांबून विचार करतं.)

मग अकरा खाटांचा दवाखाना.
मग शिडी असलेलं वाचनालय.
मग हे दिवे, चाळीस.
कुणी म्हणतं, आई काळोखात विहिरीत गेली, म्हणून.
कुणी म्हणतं, रावबहादुरकीसाठी.
एवढं मात्र दोन्ही पक्षांना मान्य
की म्हातारपणी रात्री काठी टेकत निघायचे,
दिवे मोजायचे,
आणि एकोणचाळीस भरले
तर दिवेवाल्याला झोपेतून उठवायचे.

पगारवाढीसाठी मोडीचा वर्ग केला होता मी, दोन महिन्यांचा.
वाढ मिळाली नाही.
मोडी राहिली.
म्हणून भांडारातलं ते तांबडं बासन सोडलं
आणि कारखान्याचा हजेरीपट लागला हाताला.
दर असामीमागे दरमहा एक पैसा कापून,
खातें धर्मादाय.
चारशे बारा असामी.
चारशे बारा पैसे.
मी कॅल्क्युलेटर घेतला, मग ठेवून दिला.

ओळ सत्तावन्न :
पोशा हाल्या, कळवें, सांचेवाला.
माझ्या आजोबांचा आजा.
आषाढ. डावा हात भाजला, सोळा दिवस गैरहजर.
रोज कापला. पैसाही कापला.
आणि त्याच ओळीखाली, दुसऱ्या शाईत,
दुसऱ्या कुणाच्या घाईच्या हातानं :
मलमपट्टी दवाखान्यांत, फुकट.

फुकट हा शब्द
मी मोडीत पुन्हा पुन्हा लावून पाहिला.
दरवेळी तोच लागला.

श्रावणापासून निशाणी उजव्या अंगठ्याची आहे.

साचेवाल्याचं काम असं :
वाळूत अक्षरं उलटी कोरायची,
म्हणजे लोखंडात सुलटी उमटतात.
वाचता न येणाऱ्याला दोन्ही सारखीच.
'शहरास'मधला शेवटचा स
त्यानं साच्यात सुलटा कोरला.
चाळीस खांब, चाळीस उलटे स.
आमच्या घरात सांगतात,
शेठनी उकिडवं बसून पाहिलं, बोट फिरवलं,
म्हणाले, राहू दे, उजेड सुलटाच पडतोय.
शेठच्या चरित्रात हे नाही.
चरित्रात गव्हर्नरसाहेब आहेत, अत्तर आहे.

घरात हेही सांगतात
की त्या महिन्यापासून पोशाचा रोज
दोन पैशांनी वाढला.
ते मी पटात शोधलं.
ती पानं कसरीनं खाल्लीत.

शकूरभाई वजनकाट्याशी उभे.
बिडाचा भाव आज अडतीस रुपये.
"नाव कापून वेगळं ठेवू का, मॅडम?
साहेबलोक मागतात, भिंतीला लावायला."

"कोणाचं?" मी विचारलं.

ते पट्टीकडे बघत राहिले.
मग म्हणाले, बीड आहे,
कापायला गेलं की तडकतं,
मधूनच.

मी पंचनामा परत घेतला.
नग एक, ह्याच्यापुढे जागा होती थोडी.